पोटाचा कॅन्सर आणि 'आयएल-१बी'चा लाल काटा: या रिपोर्टचं करायचं काय?

कुळागर (फोंडा)
सोमवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे सुपारी-मिरीच्या धाग्यांवर असतो, आरोग्य विभागात पहिल्यांदाच लिहितोय.

बाबांना (वय ६४) पोटाचा कॅन्सर निघाला. जठराच्या खालच्या भागात, अँट्रममध्ये. बायोप्सीत 'अ‍ॅडिनोकार्सिनोमा, इंटेस्टायनल टाइप'. आधी 'फ्लॉट' या चार औषधांच्या केमोच्या चार सायकल, मग ऑपरेशन, आता उरलेल्या चार चालू आहेत. मार्जिन (कापलेल्या कडा) मोकळ्या आल्या, काढलेल्या लिम्फ नोड्सपैकी दोनमध्ये आजार होता. बाबा पेजेवरून मऊ भातावर आलेत. इथवर सगळं ठीकच म्हणायचं.

घोळ झाला तो वेगळ्याच गोष्टीने. धाकटा भाऊ पुण्याला असतो. त्याने ऑनलाइन एक जनुक-चाचणी मागवली, नळीत थुंकी घालून कुरियरने पाठवायची ती. स्वतःची केली आणि बाबांचीही. गेल्या आठवड्यात पीडीएफ आली. त्यात एका पानावर अर्धगोल मीटर आहे, हिरव्यापासून लालपर्यंत, आणि बाबांचा काटा लालच्या पार टोकाला. खाली मजकूर: 'आयएल१बी -५११: टी/टी. आयएल१आरएन: *२ वाहक. टीएनएफ -३०८: जी/ए. जठराच्या कर्करोगाचा धोका: उच्च. रोगाचा संभाव्य परिणाम: प्रतिकूल.' भावाचा काटा नारिंगीत.

आईने तो 'प्रतिकूल' शब्द वाचला आणि तेव्हापासून घरात कोणी मोठ्याने बोलत नाही. डॉक्टरांना दाखवलं तर "यावर मी काहीच ठरवत नाही" म्हणून कागद परत दिला. ओपीडीत मागे रांग होती, पुढे विचारायला जमलं नाही.

म्हणून इथे विचारतो. बाबांचं पुढचं खरंच या जनुकांवर ठरणार आहे का? आणि आम्हां भावंडांनी काय करायचं?

सोनचाफा (म्हापसा)
सोमवार, रात्री ११:०५

बाबांना लवकर आराम पडो. जाणकार येतीलच, धागा वर ठेवते.

रापणकार (वास्को)
मंगळवार, सकाळी ७:२०

आमच्या शेजारच्या काकांनी लक्ष्मणफळाची पानं उकळून प्यायली, रोज सकाळी. केमोपेक्षा भारी म्हणतात. साइड इफेक्ट काही नाही. तुमच्या बागेत झाड असेलच.

पॅथोबा (मडगाव)
मंगळवार, सकाळी ७:४८

रापणकार, साइड इफेक्ट आहे. लक्ष्मणफळात अ‍ॅनोनासिन नावाचं द्रव्य असतं, ते मेंदूतल्या पेशींना घातक आहे. कॅरिबियनमधल्या ग्वाडलूप बेटावर हे फळ आणि त्याच्या पानांचा काढा नेमाने घेणाऱ्यांत पार्किन्सनसारखा आजार जास्त आढळल्याचं १९९९ पासून नोंदलेलं आहे. माणसात कॅन्सर बरा केल्याचा पुरावा मात्र एकही नाही. केमो चालू असलेल्या माणसाला कृपा करून असले काढे सुचवू नका.

कुळागरबाब, दुपारी सविस्तर लिहितो. मी पॅथॉलॉजीतून निवृत्त झालोय, जठराच्या बायोप्सी बघण्यात हयात गेली.

पॅथोबा (मडगाव)
मंगळवार, दुपारी २:३१

तर कुळागरबाब, आईंना पहिली गोष्ट ही सांगा की तो काटा बाबांच्या गाठीकडे बघून फिरलेला नाही. थुंकीतून मिळतो तो जन्मापासूनचा डीएनए. गाठ किती खोल गेली होती, किती नोड्समध्ये होती, केमोला तिने कसा प्रतिसाद दिला, यातलं त्या कंपनीला काहीही माहीत नाही. आणि 'पुढचं' ठरतं ते मुख्यतः याच गोष्टींवर.

तरीही ती जनुकं काय करतात ते समजून घ्या, कारण त्यामागचं शास्त्र खरं आहे आणि सुरेख आहे.

सुरुवात जंतूपासून. १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थ इथे रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी जठरात राहणारा एक नागमोडी जीवाणू प्रयोगशाळेत वाढवून दाखवला. अ‍ॅसिडमध्ये जंतू जगूच शकत नाही असं तोवर सगळे धरून चालले होते. लोक ऐकेनात तेव्हा १९८४ मध्ये मार्शलने तो जीवाणू सरळ पिऊन टाकला आणि स्वतःला जठरदाह करून घेतला. हाच हेलिकोबॅक्टर पायलोरी. १९९४ मध्ये आयएआरसीने (जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर-संशोधन संस्था) त्याला कॅन्सरकारकांच्या पहिल्या गटात टाकलं, २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. जठराच्या खालच्या भागातल्या कॅन्सरचं हे जगभरातलं सगळ्यांत मोठं कारण आहे.

आता गंमत अशी की भारतात निम्म्याहून जास्त प्रौढांच्या पोटात हा जंतू मुक्कामाला असतो आणि बहुतेकांना तो काहीही करत नाही. काहींना ड्युओडेनममध्ये (लहान आतड्याच्या सुरुवातीला) अल्सर होतो. अगदी थोड्यांना कॅन्सर. जंतू तोच, मग माणसागणिक निकाल वेगळा का? जंतूच्या जाती वेगळ्या असतात, खाणंपिणं वेगळं असतं, आणि तिसरी गोष्ट म्हणजे जंतूला बघून आपलं शरीर किती आरडाओरडा करतं ते. तुमच्या रिपोर्टमधली जनुकं या तिसऱ्या कारणात मोडतात.

जंतू आला की पेशी इंटरल्यूकिन-१ बीटा (रिपोर्टमधल्या आयएल१बी जनुकातून बनतं ते) सोडतात. हा दाहाचा निरोप. तो गेला की पांढऱ्या पेशी धावून येतात. टीएनएफ-अल्फा हाही तसाच निरोप्या. उलट बाजूला इंटरल्यूकिन-१० दाह शमवतं, आणि आयएल१आरएन या जनुकातून एक प्रथिन बनतं जे इंटरल्यूकिन-१ च्या जागेवर जाऊन नुसतं बसतं, निरोप पुढे जाऊ देत नाही. खाजनातली मानस (खाडीकाठच्या शेताच्या बांधातलं पाण्याचं दार) डोळ्यांसमोर आणा, पाणी कधी आत घ्यायचं आणि कधी अडवायचं हे तिच्या फळीवर असतं. कोणाची फळी जरा सैल, कोणाची घट्ट. जनुकातलं एखादं अक्षर बदललं की एवढाच फरक पडतो.

पण इंटरल्यूकिन-१ बीटाचा जठरात आणखी एक गुण आहे आणि खरी मेख तिथे आहे. ते अ‍ॅसिड बनणं जबरदस्त कमी करतं. अ‍ॅसिड भरपूर असेल तर जंतू जठराच्या खालच्या टोकाला कोंडून राहतो, तिथे दाह करतो, जास्तीचं अ‍ॅसिड ड्युओडेनममध्ये उतरतं आणि अल्सर होतो. अ‍ॅसिड कमी झालं की तोच जंतू वर जठरभर पसरतो. मग वर्षानुवर्षं अस्तर झिजत जातं, जठराच्या पेशींच्या जागी आतड्यासारख्या पेशी उगवतात, त्यांतून डिसप्लेसिया (कॅन्सरच्या आधीचा पेशींचा बिघाड) आणि काहींत शेवटी कॅन्सर. पेलायो कोरेआ या पॅथॉलॉजिस्टने मांडलेली ही पायऱ्यांची उतरंड. मायक्रोस्कोपखाली एकाच तुकड्यात कधीकधी तीन पायऱ्या शेजारी शेजारी दिसतात. इकडे साधी जठराची ग्रंथी, मध्ये आतड्यातल्यासारख्या फुगीर गॉब्लेट पेशी, आणि पलीकडे काळवंडलेल्या केंद्रकांची दाटी. बाबांचा 'इंटेस्टायनल टाइप' याच वाटेने येणारा.

२००० साली 'नेचर'मध्ये इमाद एल-ओमर आणि सहकाऱ्यांनी नेमकं हे दाखवलं. स्कॉटलंड आणि पोलंडमधल्या लोकांत इंटरल्यूकिन-१ च्या जनुकांचे 'जास्त दाहाचे' प्रकार ज्यांच्याकडे होते, त्यांच्यात अ‍ॅसिड कमी असणं आणि कॅन्सर होणं, दोन्ही जास्त आढळलं. किती जास्त? प्रकारानुसार साधारण दीडपट ते तिप्पट. पुढे २००८ मध्ये उंदरांच्या जठरात माणसाचं इंटरल्यूकिन-१ बीटा मुद्दाम जास्त बनवलं, तर जंतूशिवायच दाह झाला आणि काहींत कॅन्सरही. म्हणजे यंत्रणा खरी आहे. पण यंत्रणा खरी असणं आणि एका माणसाचं भविष्य त्यावरून काढणं, यांत भलं मोठं अंतर आहे.

मुंडकार (पेडणे)
मंगळवार, दुपारी ३:१०

प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला. पण तिप्पट म्हणजे थोडं नाही हो पॅथोबा. तिप्पट व्याज लागलं तर माणूस घर विकतो.

पॅथोबा (मडगाव)
मंगळवार, दुपारी ३:२६

कशाच्या तिप्पट ते बघायचं. भारतात पुरुषाला आयुष्यभरात पोटाचा कॅन्सर होण्याची शक्यता शंभरात एकाच्या आसपास किंवा त्याहून कमी. त्याची तिप्पट केली तरी शंभरातले सत्त्याण्णव मोकळे.

रातराणी (पणजी)
मंगळवार, रात्री ९:१५

उशिरा आले. मी मानवी आनुवंशशास्त्रात काम करते, म्हणून पॅथोबांच्या पुढचा भाग मी घेते.

कुळागरबाब, त्या पीडीएफच्या शेवटच्या पानावरचा बारीक मजकूर वाचलात का? हे अभ्यास कोणत्या लोकांवर झाले ते बहुधा तिथे लिहिलेलं असेल.

कुळागर (फोंडा)
मंगळवार, रात्री ९:४०

बघितलं आत्ता. मुंगीएवढ्या अक्षरात: 'धोक्याचा अंदाज प्रामुख्याने युरोपीय वंशाच्या अभ्यासगटांवर आधारित. वैद्यकीय निदानासाठी वापरू नये.' पुढच्या पानावर लाल काटा छापायचा आणि मागच्या पानावर हे!

रातराणी (पणजी)
मंगळवार, रात्री १०:३०

वाटलंच होतं. हाच सगळ्यांत महत्त्वाचा मुद्दा आहे.

एल-ओमर यांच्या पेपरनंतर जगभर लोक या जनुकांच्या मागे लागले. आपल्याला जवळचं उदाहरण म्हणजे पोर्तुगाल. २००२ मध्ये तिथल्या संशोधकांनी माणसाचं जनुक आणि जंतूची जात दोन्ही एकत्र तपासली. घातक जातीचा जंतू आणि आयएल१बी जनुकात -५११ या जागी 'टी' अक्षर असलेला माणूस, ही जोडी जमली तर धोका ८७ पट! हा आकडा पुष्कळ ठिकाणी मिरवला जातो. पण त्याच पेपरात त्याची खात्रीची मर्यादा दिली आहे ती ११ ते ६७९. म्हणजे ११ पटीपासून ६७९ पटीपर्यंत काहीही असू शकेल. गट छोटे पडले की असं होतं. असल्या आकड्यावरून दिशा कळते. अंतर मोजायला तो निरुपयोगी.

चीन, जपान, कोरियात हेच तपासलं तेव्हा निकाल विस्कटले. कुठे संबंध दिसला, कुठे काहीच नाही, कुठे उलटा. नंतर सगळे अभ्यास एकत्र करून जी मेटा-अ‍ॅनालिसिस झाली त्यांत ढोबळ चित्र असं की -५११ चा 'टी' आणि आयएल१आरएन जनुकाचा '*२' हा प्रकार यांचा संबंध युरोपीय लोकांत टिकतो, आशियाईंत ठामपणे टिकत नाही. एक कारण असं की आशियात तो 'टी' मुळीच दुर्मीळ नाही. रस्त्यावरच्या कितीतरी लोकांकडे आहे. दुसरं कारण जंतूच्या जाती. पूर्व आशियातल्या जाती मुळातच इतक्या आक्रमक आहेत की माणसाच्या जनुकातला बारीक फरक त्यांच्यापुढे झाकला जात असावा. हे दुसरं कारण अजून तर्काच्या पातळीवर आहे, तसंच घ्यावं.

आता आपल्याकडे बघा. जंतू घरोघरी. 'टी' प्रकार सर्रास. या दोन गोष्टींनीच कॅन्सर ठरत असता तर कोकणपट्टीत जपानइतके रुग्ण दिसले असते. प्रत्यक्षात पश्चिम भारतात पोटाच्या कॅन्सरचं प्रमाण कमी आहे आणि देशात सगळ्यांत जास्त आहे मिझोरममध्ये, ऐझॉलच्या नोंदणीत. तिथे धुरावलेलं मांस आणि तंबाखूचं पाणी ही कारणं पुढे येतात. जंतू भरपूर पण कॅन्सर कमी, या कोड्याबद्दल आफ्रिकेच्या संदर्भात १९९२ पासून लिहिलं जातंय, भारताबद्दलही. पूर्ण सुटलेलं नाही.

तेव्हा तो मीटर ग्लासगोत बनवला आणि फोंड्यात लावला, असा हा प्रकार आहे.

मुंडकार (पेडणे)
मंगळवार, रात्री १०:४१

म्हणजे साडेचारशे वर्षांचं पोर्तुगीज राज्य इथे तरी कामाला येईल असं वाटलं होतं. आपल्याला पोर्तुगालचा आकडा लागू पडत नाही का? ;-)

रातराणी (पणजी)
मंगळवार, रात्री १०:५५

नाही मुंडकारबाब. आडनावं आणि पाव आले, जनुकं फारशी आली नाहीत.

सातेरी (डिचोली)
बुधवार, सकाळी ६:५०

मला एक विचारायचंय. रातराणी, तुम्ही सांगितलं ते कॅन्सर *होण्याबद्दल*. कुळागर यांच्या आईला भीती आहे ती *झाल्यानंतरची*. आम्हीही त्यातून गेलोय (माझे यजमान, आतड्याचा), त्यामुळे त्या माऊलीची झोप का उडाली ते कळतं. तिला 'धोका तिप्पट' वगैरेने काही फरक पडत नाही, जे व्हायचं ते होऊन गेलंय.

रातराणी (पणजी)
बुधवार, सकाळी ९:२०

सातेरीताई, अगदी बरोबर बोट ठेवलंत. कंपनीने नेमके हेच दोन प्रश्न एका काट्याला बांधले आहेत.

होण्याचा अभ्यास म्हणजे रुग्ण आणि निरोगी माणसं समोरासमोर ठेवून जनुकं मोजायची. झाल्यानंतरचा अभ्यास म्हणजे फक्त रुग्ण घ्यायचे, त्यांच्यावर वर्षानुवर्षं लक्ष ठेवायचं आणि कोणत्या जनुकप्रकाराचे किती काळ जगले ते बघायचं. या दुसऱ्या प्रकारचे अभ्यास इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-६, इंटरल्यूकिन-१०, टीएनएफ, टीएलआर-४ अशा बऱ्याच जनुकांवर झाले आहेत. पुष्कळसे छोटे. त्यांत पहिल्या स्टेजचे आणि चौथ्या स्टेजचे रुग्ण एकत्र, कोणाला ऑपरेशन, कोणाला नुसती केमो. आणि वीस जनुकप्रकार तपासले की निव्वळ योगायोगाने सरासरी एखादा 'महत्त्वाचा' निघतो, संख्याशास्त्राचा नेहमीचा उंबरठाच विसात एक असा आहे. तो निघाला की पेपर छापला जातो. उरलेल्या एकोणीसांबद्दल कोणी लिहीत नाही. काही अभ्यासांत विशिष्ट प्रकारच्या रुग्णांचं आयुष्य कमी दिसलं, दुसऱ्या देशात तेच दिसलं नाही. आज कुठल्याही मोठ्या उपचार-मार्गदर्शिकेत या जनुकप्रकारांवरून पोटाच्या कॅन्सरचा उपचार बदला असं लिहिलेलं नाही. डॉक्टरांनी कागद परत दिला तो म्हणूनच.

आणि एक गोष्ट मला फार रोचक वाटते. कॅन्सर होण्याआधी जास्त दाह वाईट, हे ठीक. पण एकदा गाठ झाल्यावर तिच्यात प्रतिकारपेशी जमणं बऱ्याचदा *चांगलं* लक्षण असतं. म्हणजे तोच तापट स्वभाव आधी नडतो आणि नंतर कदाचित उपयोगी पडतो, किंवा काहीच करत नाही. 'धोका उच्च' आहे म्हणून 'परिणाम प्रतिकूल' हे अनुमान सरळ चुकीचं आहे, पुरावा सोडा, तर्कालाही धरून नाही.

पॅथोबा (मडगाव)
बुधवार, सकाळी ११:०२

रातराणींच्या शेवटच्या परिच्छेदाला +१. त्याला जोडून सांगतो.

जनुकांनी उपचार खरंच बदलतात, पण ती गाठीतली. तुमच्या बाबांचा ब्लॉक (बायोप्सीचा तुकडा मेणात बसवलेला असतो तो) लॅबमध्ये जपून ठेवलेला असतो. त्यावर हे बघून घ्यायला सांगा, झालं असेल तर रिपोर्ट मागा.

सगळ्यांत आधी एमएमआर किंवा एमएसआय. डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारी प्रथिनं गाठीत शाबूत आहेत की नाहीत ते यात कळतं. ती गळाली असतील तर गाठीत चुकांचा ढीग साठतो, प्रतिकारपेशी तिला ओळखतात, ऑपरेशननंतरचा निकाल सरासरीने बरा असतो आणि इम्युनोथेरपी चांगली लागू पडते. २०१४ मध्ये अमेरिकेच्या कॅन्सर जीनोम प्रकल्पाने पोटाच्या कॅन्सरचे चार रेणवीय प्रकार पाडले, त्यांत हा एक, साधारण २२ टक्के. दुसरा एपस्टाइन-बार विषाणूवाला, ९ टक्के. त्यात तर पीडी-एल१ चं जनुकच गाठीत वाढलेलं सापडतं. पीडी-एल१ म्हणजे गाठीने प्रतिकारपेशीला दाखवलेली 'थांब' पाटी. आपला विषय प्रतिकारसंस्थेचे निरोप हाच आहे ना? तर उपचाराच्या दृष्टीने सध्या सगळ्यांत वजनदार निरोप हा आहे. ती पाटी झाकणारं निवोलुमॅब केमोसोबत दिलं तेव्हा पसरलेल्या आजारात, ज्यांचा पीडी-एल१ स्कोर ५ किंवा जास्त होता त्यांचं मध्यम आयुष्य (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) ११.१ महिन्यांवरून १४.४ महिन्यांवर गेलं, असं २०२१ च्या मोठ्या चाचणीत आलं. आकडा लहान वाटेल, पण काही थोडे रुग्ण वर्षानुवर्षं टिकतात, ते या मध्यम आकड्यात दिसत नाहीत.

मग एचईआर-२, पेशीला वाढायला सांगणारं प्रथिन. तो पॉझिटिव्ह असेल आणि आजार पसरलेला असेल तर त्याला अडवणारं ट्रास्टुझुमॅब हे औषध. तुमच्या बाबांचा आजार काढून टाकला आहे, त्यामुळे पीडी-एल१ आणि एचईआर-२ आज लागणार नाहीत कदाचित. कागद हाताशी असलेला बरा.

आणि त्यांना फ्लॉट मिळतंय हेच बघा. २०१९ च्या जर्मन चाचणीत आधीच्या पद्धतीने मध्यम आयुष्य ३५ महिने होतं, फ्लॉटने ५० झालं. इंटरल्यूकिनच्या कुठल्याही अक्षराने एवढा फरक केल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

सातेरी (डिचोली)
बुधवार, दुपारी १२:१५

जन्मजात जनुकाचंही एक उदाहरण देते, जे खरोखर कामाचं आहे. यजमानांना कॅपेसिटाबीन (केमोची गोळी) सुरू केलं आणि पहिल्याच सायकलमध्ये तोंड आतून सोलून निघालं, पाण्याचा घोटसुद्धा जाईना, जुलाब थांबेनात, पांढऱ्या पेशी तळाला. भरती करावं लागलं. नंतर तपासलं तेव्हा डीपीवायडी जनुकात बदल निघाला. हे औषध शरीरातून काढून टाकणारं एन्झाइम त्या जनुकातून बनतं. पुढे डोस कमी करून दिलं आणि निभावलं. ही चाचणी आधी करायची असते हे आम्हांला कोणी सांगितलं नव्हतं.

पॅथोबा (मडगाव)
बुधवार, दुपारी १२:३३

सातेरीताई, फार मोलाचं लिहिलंत. फ्लॉटमधलं ५-एफयू हे औषध त्याच घराण्यातलं. युरोपच्या औषध नियामकाने २०२० पासून ही चाचणी आधी करावी अशी शिफारस केली आहे. कुळागरच्या बाबांनी आधीच्या सायकली सोसल्या आहेत म्हणजे त्यांना आता त्याची गरज नाही. पण ज्यांची केमो सुरू व्हायची आहे त्यांनी डॉक्टरांना जरूर विचारावं.

मुंडकार (पेडणे)
बुधवार, दुपारी १:०५

एक बाळबोध शंका. इंटरल्यूकिन-१ एवढं खलनायक असेल तर त्यालाच अडवणारं औषध का देत नाहीत?

रातराणी (पणजी)
बुधवार, दुपारी १:४८

बाळबोध नाही, चांगली शंका आहे. तसं औषध आहे, कॅनाकिनुमॅब. हृदयविकाराच्या एका मोठ्या चाचणीत (२०१७) ते घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू कमी दिसले आणि सगळ्यांनी कान टवकारले. मग खास फुप्फुसाच्या कॅन्सरवर चाचण्या झाल्या, त्या एकामागून एक फसल्या. पोटाच्या बाबतीत त्याहून सोपा उपाय हाताशी आहे, दाह पेटवणारा जंतूच काढून टाकायचा.

कुळागर (फोंडा)
बुधवार, रात्री १०:१२

सगळ्यांचे मनापासून आभार. आईला रातराणींचा सकाळचा प्रतिसाद वाचून दाखवला. तिने एवढंच विचारलं, "म्हणजे तो काटा खोटा?" मी म्हटलं, "काटा दुसऱ्या कोणाचा तरी आहे."

आता आम्हां भावंडांचं सांगा. आम्ही तिघं, तिशी-चाळिशीतले. आत्या पण विचारतेय.

पॅथोबा (मडगाव)
गुरुवार, सकाळी ८:०५

इथे मी ठाम बोलणार. जनुकं विसरा, जंतू तपासा.

कोरियात नेमकी तुमच्यासारख्यांवर चाचणी झाली, ज्यांच्या आईवडिलांना किंवा भावंडांना पोटाचा कॅन्सर झाला होता आणि ज्यांच्या पोटात जंतू होता. निम्म्यांना जंतूचं औषध, निम्म्यांना नुसती दिसायला तशी गोळी. साधारण नऊ वर्षांनी औषधवाल्यांत १.२ टक्क्यांना कॅन्सर, दुसऱ्या गटात २.७ टक्क्यांना. २०२० मध्ये छापून आलं. त्यांची जनुकं काहीही असोत, धोका निम्म्याहून खाली आला. तैवानच्या मात्सू बेटांवर तर गावंच्या गावं तपासून उपचार केले, तिथेही कॅन्सरचं प्रमाण निम्म्याने घटलं.

तेव्हा तिघांनीही श्वासाची युरिया चाचणी किंवा संडासातून अँटिजेन चाचणी करा. अट एकच, अ‍ॅसिडिटीची गोळी दोन आठवडे आणि अँटिबायोटिक चार आठवडे आधीपासून बंद हवं, नाहीतर जंतू असूनही निगेटिव्ह येतं. रक्तातल्या अँटिबॉडीची स्वस्त चाचणी करून फसू नका, जंतू जाऊन वर्षं झाली तरी ती पॉझिटिव्ह राहू शकते. आत्यांचं वय पाहता त्यांनी एकदा एंडोस्कोपीबद्दलही विचारावं.

जन्मजात जनुकाची चाचणी घराण्याला कधी लागते तेही सांगतो. घरात पन्नाशीच्या आत 'डिफ्यूज' प्रकारचा (सुट्या पेशींनी अस्तरात पसरणारा) पोटाचा कॅन्सर झाला असेल किंवा दोन-तीन जणांना झाला असेल, तर सीडीएच१ या जनुकाची. न्यूझीलंडच्या एका माओरी कुटुंबात पिढ्यान् पिढ्या तरुण माणसं जात होती, त्यातून १९९८ मध्ये हे जनुक सापडलं. ते बिघडलेलं असेल तर निरोगी माणसाचं जठर आधीच काढण्याचा सल्ला देतात, एवढं त्याचं वजन. आयएल-१बीचं 'टी' अक्षर त्याच्या पासंगालाही पुरत नाही. तुमच्या बाबांचा प्रकार वेगळा आहे, वय वेगळं आहे. ही काळजी नको.

रापणकार (वास्को)
गुरुवार, सकाळी ९:३०

लक्ष्मणफळाचं मागे घेतो. पण खाण्याचं कोणीच बोललं नाही. खारे बांगडे, पारा (सुक्या मासळीचं लोणचं), चोरीस (डुकराच्या मांसाचं सॉसेज), हुर्राक (काजूची दारू)... सगळं बंद?

मुंडकार (पेडणे)
गुरुवार, सकाळी ९:३४

आता पावसात खाऱ्याशिवाय पेज जाते का कुणाला? कॅन्सर परवडला.

सोनचाफा (म्हापसा)
गुरुवार, सकाळी ९:५०

मुंडकार, ज्याच्या घरी चालू आहे त्याच्या धाग्यावर असं लिहू नका.

रातराणी (पणजी)
गुरुवार, सकाळी १०:४०

मिठात मुरवलेल्या पदार्थांचा पोटाच्या कॅन्सरशी संबंध बराच भक्कम आहे, रोजच्या जास्त दारूचाही, आणि बिडी-सिगारेटचा तर आहेच. जास्त मीठ जठराचं अस्तर दुखावतं आणि जंतूचं फावतं. पण पावसाळ्यात कधीमधी भाजलेला बांगडा आणि वर्षभर रोज खारं, यांत फरक करा. चोरीसमध्ये मीठही आहे आणि प्रक्रिया केलेलं मांसही, ते हात राखून. आंबाड्याची, भेंडीची भाजी ताटात जास्त येऊ दे.

कुळागर (फोंडा)
पुढच्या महिन्यात, रविवार, सायंकाळी ७:२५

धागा वर काढतोय, अपडेट द्यायचं होतं.

बाबांची शेवटची सायकल झाली. बोटांना मुंग्या येतात, थंड पाण्याला हात लावत नाहीत, बाकी बरं. ब्लॉकवर तपासणी झाली. एमएमआर प्रथिनं चारही शाबूत, एचईआर-२ निगेटिव्ह. डॉक्टर म्हणाले, आता ठरलेल्या तारखांना येत राहा, आणि जठर काढल्यामुळे बी-१२ चं इंजेक्शन चुकवू नका. 'प्रतिकूल' हा शब्द त्यांच्या तोंडून आला नाही, 'अनुकूल'ही नाही. आईने मात्र पहिल्यांदाच त्यांना स्वतःहून प्रश्न विचारले, बाबांना भाकरी कधी देऊ ते.

कंपनीला मेल केला होता. 'आमचा अहवाल केवळ माहितीसाठी आहे' असं तयार छापाचं उत्तर आलं, सोबत हृदयाच्या चाचणीवर सवलतीचं कुपन.

आमच्यात मी आणि बहीण जंतूला पॉझिटिव्ह, नारिंगी काट्याचा भाऊ निगेटिव्ह! दोघांना चौदा दिवसांचं किट दिलंय. तोंड सतत कडू. पॅथोबा, हे संपल्यावर पुन्हा तपासायचं का, की झालं?

पॅथोबा (मडगाव)
रविवार, रात्री ८:१०

तपासायचंच. आपल्याकडे क्लॅरिथ्रोमायसिन आणि मेट्रोनिडाझोलला हा जंतू पुष्कळदा दाद देत नाही, त्यामुळे किट संपलं म्हणजे जंतू गेला असं धरता येत नाही. शेवटच्या अँटिबायोटिकनंतर किमान चार आठवडे, आणि अ‍ॅसिडिटीची गोळी दोन आठवडे बंद ठेवून श्वासाची चाचणी. राहिला असेल तर पुढचं किट वेगळ्या औषधांचं, बहुधा बिस्मथवालं. कडू तोंडासाठी आवळा चघळा, गोळ्या अर्ध्यावर सोडू नका.

मुंडकार (पेडणे)
रविवार, रात्री ८:३२

माझ्या घरी कोणाला नाही, पण मला कायमचं पित्त. मीही श्वासाची चाचणी करू का?

पॅथोबा (मडगाव)
रविवार, रात्री ८:४०

वय किती? वजन उतरतंय का, घास अडकतो का, संडास काळा होतो का, रक्त कमी झालंय का? यातलं एकही 'हो' असेल तर श्वासाची चाचणी नको, थेट दुर्बिणीने तपासून घ्या. सगळं 'नाही' असेल आणि वय पन्नाशीच्या आत असेल तर चाचणी करा. आधी दोन आठवडे ती रोजची गोळी बंद करायची, आणि हुर्राकही.

मुंडकार (पेडणे)
रविवार, रात्री ८:४४

वय ५३, आणि पँट सैल झालीय हे खरं. उद्या फोन लावतो.